कोरं रजिस्टर बघून खूश होऊ नका

मागच्या अंकात शेवटी एक ओळ टाकली होती, दवाखान्यात काम करणाऱ्यांनी स्वतःच्या सेफ्टीबद्दल काय विचारायचं असेल तर विचारा. वाटलं होतं दोन-चार पत्रं येतील, तर इथं पिशवी भरली. कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या गल्ल्यांतनं, शाहूपुरीतनं, इचलकरंजीकडनं, गडहिंग्लजकडनं, आणि जवळजवळ प्रत्येक पत्राच्या खाली तेच, 'ताई नाव छापू नका'. म्हणजे बघा, हातात सुई टोचली एवढं सांगायला पण माणसाला नाव लपवायला लागतंय. मी ३० वर्षांच्या वर सिस्टर म्हणून काढली, शेवटी शेवटी इन्फेक्शन कंट्रोल बघत होते, त्यामुळं उत्तरं जरा खडूस वाटतील, चालवून घ्या.

ताई, मी राजारामपुरीतल्या एका प्रायव्हेट हॉस्पिटलात जनरल वॉर्डला आहे. गेल्या आठवड्यात नाईटला होतो. पहाटे साडेचारला पेशंटचं ब्लड काढलं आणि सुईला टोपण घालताना डाव्या अंगठ्यात घुसली. रक्त आलं, मी ते पिळून पिळून काढलं आणि वर स्पिरिट लावलं. सकाळी इनचार्ज सिस्टरना सांगितलं तर म्हणाल्या, पुढच्या महिन्यात असेसमेंट आहे, रजिस्टरला लिहू नको, काय होत नाही, आम्हाला पण टोचल्यात. घरी कुणाला बोललेलो नाही. दीड वर्षाची पोरगी आहे, तिला जवळ घ्यायची पण भीती वाटायलीय. — एक सिस्टर

('मी होतो, बोललेलो नाही' असं असलं तरी लिहिणारी सिस्टरच आहे, पुण्याकडच्या वाचकांनी गोंधळू नये, आमच्याकडं पोरी अशाच बोलतात.)

पोरी, तुझ्या पत्राखाली नंबर होता म्हणून मी त्याच संध्याकाळी फोन केला, ते आपण बोललोच, पण बाकीच्यांसाठी लिहिते. फोन केला तोवर पाचवा दिवस होता. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध सुरू करायचं असेल तर पहिला डोस शक्यतो २ तासांच्या आत आणि कसंही करून ७२ तासांच्या आत जायला लागतो, आणि मग पुढं २८ दिवस रोज. म्हणजे ती वेळ गेलेली. मी विचारलं, ज्या पेशंटचं रक्त होतं त्याचं काय? तर म्हणाली तो ऑपरेशनसाठी अॅडमिट झालाय. अगं मग ऑपरेशनच्या आधी त्याच्या तिन्ही टेस्ट, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी (हिपॅटायटिस), झालेल्या असणारच की! दुसऱ्या दिवशी तिनं फाईल काढून बघितली, तिन्ही निगेटिव्ह. पाच दिवस ही पोरगी रात्री झोपली नाही, लेकराला लांब ठेवलं, आणि उत्तर होतं तिच्याच वॉर्डच्या रॅकला, ती जिथं बसते तिथनं हातभर अंतरावर. तिला ते बघायचं सुचलं नाही कारण तिला गप बस म्हणून सांगितलं होतं, आणि गप बसायला सांगितलेल्या माणसाचं डोकं चालत नाही, हे मी लई वेळा बघितलंय.

आता टोचली तर काय करायचं ते नीट वाचा. नळाखाली साबणानं हात धुवायचा, बस्स. पिळायचं नाही, तोंडात बोट घालायचं नाही (ही सवय सगळ्यांना, बोटाला लागलं की पहिलं तोंडात), स्पिरिट-डेटॉल-हायपो (ब्लीचचं पाणी) काही ओतायचं नाही, त्यानं कातडी अजून खराब होते. डोळ्यात रक्त उडालं तर साध्या पाण्यानं धूत राहायचं. मग लगेच, ड्युटी संपायची वाट न बघता, ड्युटी डॉक्टरला सांगायचं, वेळ लिहायची, पेशंटचे रिपोर्ट बघायचे, नसतील तर त्याला विचारून करून घ्यायचे, आणि स्वतःचं पण त्या दिवशीचं रक्त तपासायला द्यायचं. हे शेवटचं लोक टाळतात, पण उद्या काही झालं तर हे कामावरच झालं हे दाखवायला तोच एक कागद असतो. पेशंट पॉझिटिव्ह असेल किंवा कोण ते कळतच नसेल तर सरळ एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र, गाठायचं, आपल्याकडं सीपीआरला, सरकारी हॉस्पिटलला, आहे, आणि रात्री काही सुचत नसेल तर १०९७ हा नॅकोचा, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेचा, फुकटचा नंबर आहे. पुढच्या टेस्ट ६ आठवड्यांनी, ३ महिन्यांनी, ६ महिन्यांनी.

आणि एक गोष्ट, सगळे एचआयव्हीला घाबरतात पण आकडे वेगळंच सांगतात. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात साधारण ३. कावीळ बी असलेल्याची टोचली आणि तुम्ही लस घेतलेली नसेल तर हीच शक्यता शंभरात ६ पासनं ३० पर्यंत जाते. फरक बघा केवढा, आणि तिला लस आहे! तीन डोस, आज, एका महिन्यानं, सहा महिन्यांनी, आणि शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांत टायटर, म्हणजे लस लागली का ते सांगणारी रक्ताची टेस्ट, करून बघायचा, १० किंवा त्याच्या वर आला की झालं. तिसरा डोस विसरलेल्या सिस्टर मी इतक्या बघितल्यात की मोजायचं सोडून दिलं. लस नसताना टोचली तर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन असतं, ते शक्यतो २४ तासांत. कावीळ सी ला लस नाही, टोचल्यावर घ्यायचं औषध पण नाही, फक्त टेस्ट करत राहायचं आणि निघालीच तर त्यावर आता गोळ्यांचा चांगला इलाज आहे.

राहिलं इनचार्जबाईंचं असेसमेंट. बाई, एनएबीएचवाले, म्हणजे दवाखान्याला दर्जाचं सर्टिफिकेट देणारे, वर्षात किती जणांना सुया टोचल्या हा आकडाच मागतात, तो लपवून तुम्ही काय दाखवणार? मी त्या पोरीला फोनवर अजून एक विचारलं, टोपण का घालत होतीस, शिकवलं नव्हतं का? तर म्हणाली शिकवलंय ताई, पण सुईचा डबा ड्रेसिंग रूमला असतो, आणि हातात ट्रे, रक्ताच्या बाटल्या (बल्ब), उघडी सुई घेऊन अख्खा वॉर्ड ओलांडून जायचं म्हणजे अंधारात कुणाला तरी लागेल म्हणून टोपण घालत होतो. म्हणजे ती निष्काळजी नव्हती, उलट दुसऱ्याची काळजी करत होती! डबा बेडपाशी न्यायचा ट्रॉलीवर, हा इलाज आहे. डब्याची किंमत ती काय, आणि ते केलं की पुढच्या दहा सिस्टरांचे अंगठे वाचतात. पण हे कधी कळतं, तर ती सांगते तेव्हा.

नमस्कार. शाहूपुरीत माझं ३० बेडचं हॉस्पिटल आहे. गेल्या वर्षभरात आमच्या इन्सिडंट रजिस्टरमध्ये एकही नोंद नाही याचा मला अभिमान आहे. तरी सल्लागार म्हणतात सेफ्टी कल्चर सुधारा. पोस्टर लावले, शपथ घेतली, बेस्ट एम्प्लॉयी सुरू केलं. अजून काय करायचं असतं? — एक डॉक्टर

डॉक्टर, राग मानू नका. ३० बेड, वर्षाचे दिवस, तीन शिफ्ट, आणि एकदाही कुणाला सुई टोचली नाही, कुणी ओल्या फरशीवर घसरलं नाही, एकही इंजेक्शन चुकता चुकता राहिलं नाही? असला दवाखाना जोतिबाला नवस बोलून पण मिळायचा नाही. रजिस्टर कोरं आहे याचा अर्थ घडत नाही असा नाही, तुमच्यापर्यंत पोचत नाही असा आहे.

मी नवीन लागले तेव्हाची गोष्ट सांगते. काचेचे पाऱ्याचे थर्मामीटर होते, आणि फुटला की पगारातनं कट, रकाना होता तसा, 'ब्रेकेज'. पगार तो किती, त्यात हे. मग काय व्हायचं, थर्मामीटर फुटला की सिस्टर इकडं तिकडं बघायची, काच कागदात गुंडाळून पर्सला टाकायची आणि पारा पायानं नाहीतर झाडूनं खाटेखाली. ते पाऱ्याचे बारीक मणी फरशीच्या सांध्यात जाऊन बसायचे, संध्याकाळची उन्हं तिरकी आली की चमकायचे, आम्ही त्याला चांदणं म्हणायचो आणि हसायचो. त्या फरशीवर लहान मुलं रांगायची. पाऱ्याची वाफ होते, ती नाका-तोंडातनं आत जाते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी पगार कापणार म्हटल्यावर कोण पुढं येणार होतं? आता थर्मामीटर डिजिटल झाले पण तुमच्याकडं तो रकाना अजून आहे का बघा, वेगळ्या नावानं असेल, 'पेनल्टी', 'रिकव्हरी', किंवा सगळ्यांसमोर राऊंडला केलेला अपमान, तो पगार कापण्यापेक्षा महाग पडतो.

दुसरी गोष्ट जरा नंतरची. अँटिबायोटिक कालवायला डिस्टिल्ड वॉटरचा १० एमएलचा अँप्यूल लागतो, आणि पोटॅशियम क्लोराइड, आम्ही केसीएल म्हणतो, तो पण १० एमएलचा, तसाच दिसणारा, आणि दोन्ही एकाच ट्रेला ठेवलेले. केसीएल सलाईनमध्ये पातळ करून हळूहळूच द्यायचं असतं, थेट शिरेत मारलं तर हृदय थांबतं, दुसरी संधी नाही. एका नव्या पोरीनं अँप्यूल फोडला, सिरिंजला भरून घेतला, आणि फेकताना तिची नजर लेबलवर गेली. हात असा थरथरायला लागला की सिरिंज खाली पडली. तिनं ते मला सांगितलं कारण आदल्या आठवड्यात मी स्वतः एका पेशंटला दुसऱ्याची गोळी देता देता राहिले होते आणि ते मी हँडओव्हरला, ड्युटी बदलताना, सगळ्यांसमोर बोलून दाखवलं होतं. तिनं सांगितलं म्हणून त्याच दिवशी केसीएल वॉर्डातनं उचलून कुलपात गेलं, वर लाल पट्टी, दोघींनी बघितल्याशिवाय काढायचं नाही. ती गप्प बसली असती तर ट्रे तसाच राहिला असता, पुढच्या पोरीची वाट बघत.

तर तुम्ही काय करायचं? पोस्टर राहू देत, त्याला माझा विरोध नाही, भिंत तरी भरते. पण सुरुवात तुम्ही करा. सोमवारी सकाळी हँडओव्हरला दहा मिनिटं उभं राहा आणि स्वतःची एक चूक सांगा, खरी, पेशंटचं नाव न घेता. पहिल्या दिवशी सगळे खाली बघतील. तिसऱ्या आठवड्यात एखादी मावशी बोलेल की बाथरूमचा बल्ब गेलाय, म्हणून नाईटला पाय घसरतो. तो बल्ब त्याच दिवशी बदला, खरंच त्याच दिवशी, मीटिंग लावू नका, कोटेशन मागवू नका. बल्ब बदलला की लोकांना कळतं सांगितलं तर काहीतरी होतं, आणि मग बघा रजिस्टर कसं भरतंय. भरलं की घाबरू नका, ती प्रगती आहे. आणि काही घडलं की 'कोण होतं ड्युटीला?' हा प्रश्न पहिल्यांदा तोंडात येतो, तो गिळा. आधी कसं झालं ते विचारा, डबा कुठं होता, किती पेशंट होते, कितवी नाईट होती.

आता तुम्ही म्हणणार, मग काय सगळ्यांना माफच करायचं? नाही हो. माणूस चुकला आणि माणसानं जाणूनबुजून केलं यात फरक आहे. ज्याला दहादा सांगून, सामान देऊन, वेळ देऊन पण तो उघड्या सुया गादीवर टाकून चहाला जातो, किंवा पिऊन ड्युटीला येतो, त्याच्यावर कारवाई करायलाच पाहिजे, आणि तो सीनियर सर्जन असला तरी करायला पाहिजे. बहुतेक ठिकाणी गाडी इथंच अडते.

माझी आई कसबा बावड्यातनं रोज एका हॉस्पिटलला मावशी म्हणून जाते, कॉन्ट्रॅक्टवर. काळ्या पिशवीतनं सुया निघतात म्हणते, दोनदा टोचल्या. हातमोजे पातळ, फाटके. परवा बाथरूम धुताना खोकला लागला तो रात्रभर थांबला नाही, डोळ्यातनं पाणी. मी काही म्हटलं की म्हणते, 'काय करायचं गं, काम हाय, बोललं तर उद्यापास्नं येऊ नको म्हणत्यात.' ती कॉन्ट्रॅक्टची असल्यामुळं तिला काहीच हक्क नाही का? — बीएस्सीला असलेली मुलगी

हक्क आहे. बायोमेडिकल वेस्टचे २०१६ चे नियम आहेत, त्यात स्पष्ट आहे की हा कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना कावीळ बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, कामाला लागताना आणि मग दरवर्षी ट्रेनिंग द्यायचं, आरोग्य तपासणी करायची आणि हातमोजे-बूट वगैरे पुरवायचं, आणि ही जबाबदारी दवाखान्याची आहे. माणूस कुणाच्या पेरोलवर आहे याच्याशी सुईला काही देणंघेणं नसतं. शिवाय १० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी २१ हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापला जायला पाहिजे, आईची पगाराची स्लिप बघ, कापत असतील तर कामावरची इजा त्यात येते.

खोकल्याचं आधी सांगते कारण ते घाईचं आहे. आईला विचार, हायपो आणि टॉयलेट धुवायचं ॲसिड एकाच बादलीत घातलं होतं का? मला खात्री आहे हो म्हणेल. दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ होतं असं कुणीतरी शिकवलेलं असतं. त्यातनं क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. एका वेळी एकच, मध्ये पाण्यानं धुवायचं, दार-खिडकी उघडी. चुकून झालंच तर बादली सोडून पहिलं बाहेर यायचं, बादली गेली खड्ड्यात. आणि खोकला-धाप अजून असेल तर डॉक्टरला दाखवा, दमा म्हणून अंगावर काढू नका.

सुयांचं म्हणशील तर सुई पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यातच जायला पाहिजे, सिरिंजचं प्लास्टिक, सलाईनचा सेट, हातमोजे लाल पिशवीत, रक्ताचा कापूस-बँडेज पिवळ्यात, काचेचे अँप्यूल-व्हायल निळ्यात. काळ्या पिशवीत टिफिनमधलं उरलेलं जेवण, कागद, फुलं, एवढंच. पण हे आईला शिकवून उपयोग काय, ती काय सुई वापरते? आमच्याकडं मी एकच नियम लावला होता, सुई ज्यानं वापरली त्यानंच टाकायची. डॉक्टर असो, सिस्टर असो, शिकाऊ पोरगा असो. ट्रेला सोडून जायचं नाही, मावशी उचलेल म्हणायचं नाही. सुरुवातीला एका डॉक्टरांना मी ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, दारातनं परत बोलावलं होतं, ते चिडले, पण आले. आईनं एकटीनं बोलू नये, ते खरंय, नोकरी जाते. चार मावश्या मिळून मेट्रनकडं, सगळ्या सिस्टरांच्या मुख्य बाईकडं, जायचं, आणि 'सुया टोचतात' एवढंच न म्हणता किती तारखेला, कुठल्या वॉर्डच्या पिशवीतनं, ते एका वहीत लिहून न्यायचं. लिहायला तू आहेसच. पिशवी हातानं दाबायची नाही, अंगाला लावून उचलायची नाही, हे मात्र आजपासनं. आणि दोनदा टोचल्यात म्हणतेस तर लस आणि टेस्ट या दोन्ही गोष्टी याच आठवड्यात.

कॅज्युअल्टीला ब्रदर आहे. एक पेशंट आला की मागं तीस जण, अख्खी गल्ली. गेल्या महिन्यात कॉलर धरली, काच फोडली. वरनं मॅनेजमेंट म्हणतं मिटवून टाका, नाव खराब होतंय. आम्ही काय मार खायला भरती झालोय का?

नाही भावा. महाराष्ट्रात २०१० पासनं कायदा आहे, दवाखान्यातल्या माणसांवर हात उचलला किंवा तोडफोड केली तर ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, आणि फोडलेल्या सामानाची दुप्पट भरपाई. सिस्टर, ब्रदर, वॉर्डबॉय सगळे त्यात येतात, फक्त डॉक्टर नाही. कोलकात्याला आर. जी. कर हॉस्पिटलात ऑगस्ट २०२४ ला ड्युटीवरच्या डॉक्टर पोरीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर केंद्रीय आरोग्य खात्यानं आपल्या हॉस्पिटलांना सांगितलं की ड्युटीवरच्या माणसावर हल्ला झाला तर ६ तासांच्या आत संस्थेच्या प्रमुखानं तक्रार द्यायची. संस्थेनं द्यायची, मार खाल्लेल्यानं नाही, हा त्यातला मुद्दा. तो आदेश केंद्राच्या दवाखान्यांना आहे, पण हेच पान तुमच्या मॅनेजमेंटसमोर ठेवा आणि आपल्याकडं पण असंच करा म्हणून सांगा.

पण कायदा नंतर कामाला येतो, कॉलर धरताना नाही. कोल्हापुरात एकाला लागलं की तालमीतली पोरं, शेजारी, चुलत-मावस सगळे येणार, ही आपली चांगलीच गोष्ट आहे खरं तर, रक्त पाहिजे म्हटलं की दहा जण बाह्या वर करतात. बिघडतं कुठं, तर आत काय चाललंय ते तासभर कुणी सांगत नाही तिथं. दर पंधरा-वीस मिनिटांनी एकानं बाहेर जाऊन सांगायचं, त्यांच्यातल्या एकाच जाणत्या माणसाला, 'दादा, तुम्ही सगळ्यांना सांगा' म्हणून त्याच्यावर जबाबदारी टाकायची. काही नवीन नसलं तरी जायचं. वाईट बातमी कॉरिडॉरला उभ्यानं द्यायची नाही, खोलीत बसवून, दोघांनी मिळून, आणि आपली खुर्ची दाराच्या बाजूला. तुमच्या कॅज्युअल्टीचं टेबल कसं आहे बघा, बहुतेक ठिकाणी स्टाफ भिंतीला पाठ लावून बसलेला आणि पळायची वाट लोकांच्या मागं. टेबल फिरवा. एक शब्द ठरवून ठेवा, आमच्याकडं 'शिंदे मामांना बोलवा' असा होता, शिंदे मामा नावाचं कुणी नव्हतंच, पण तो शब्द ऐकला की वरच्या मजल्यावरनं चार माणसं खाली यायची आणि एक जण ११२ लावायचा. आणि कॉलर धरली एवढंच झालं, मार लागला नाही, तरी लिहा. पुढची काच फुटायच्या आधी चार वेळा कॉलर धरलेली असते.

एक्स-रे टेक्निशियन आहे. बॅज लावला नाही तर काय फरक पडतो? तसाही रिपोर्ट नेहमी नॉर्मलच येतो.

टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा, ड्रॉवरला ठेवलेला असेल तर रिपोर्ट ड्रॉवरचा येतो, आणि ड्रॉवरची तब्येत एकदम ठणठणीत आहे. बॅज छातीवर, लेड ॲप्रनच्या आत. ॲप्रनची घडी घालू नका, आत चिरा जातात आणि बाहेरनं दिसत नाहीत, हँगरला लावा. आणि पेशंटला धरायला रोज तुम्हीच आत थांबत असाल तर ते बंद करा, नातेवाईकाला ॲप्रन घालून उभं करा, गरोदर बाई सोडून.

आमच्या दुसऱ्या मजल्याचं इमर्जन्सीचं दार कायम कुलपात असतं, नातेवाईक तिकडनं घुसतात म्हणून. बाहेर जुन्या खाटा रचल्यात. बोललं की म्हणतात किल्ली सिक्युरिटीकडं आहे.

९ जानेवारी २०२१, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात पहाटे नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, १० बाळं गेली. आग अशीच रात्री लागते, माणसं कमी असताना, आणि धुरात सिक्युरिटीला शोधत फिरायला वेळ नसतो. आतनं ढकललं की उघडणारं, बाहेरनं न उघडणारं दार मिळतं, त्याला घंटी पण बसवता येते, मग नातेवाईकांचा पण प्रश्न मिटला. खाटा आज हलवा. २००६ च्या फायर कायद्याप्रमाणं दर जानेवारी आणि जुलैला फायरची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, बी फॉर्म, द्यायला लागतं, तो कधी भरला ते ऑफिसला विचारा, नुसतं विचारल्यानं पण खाटा हलतात असा माझा अनुभव. आणि नदीकडच्या भागात असाल तर जनरेटर तळघरात आहे का तेवढं बघून या. २०१९ आणि २०२१ चा पूर बघून पण काही जणांनी तो तिथनं वर आणलेला नाही.

ताई, मी आरएमओ (निवासी डॉक्टर) आहे. ऑपरेशनच्या आधीची चेकलिस्ट आमच्याकडं केस संपल्यावर एकदम टिक करून टाकतात. सरांना थांबा म्हणायचं धाडस होत नाही. कसं म्हणायचं?

चेकलिस्ट डब्ल्यूएचओची आहे, २००८ ची, १९ मुद्दे, सगळं मिळून दोन-तीन मिनिटं जातात. भूल द्यायच्या आधी, चीर द्यायच्या आधी, आणि पेशंट बाहेर न्यायच्या आधी, असं तीनदा थांबायचं असतं. संपल्यावर टिक करायची म्हणजे जेवण झाल्यावर भाताला मीठ. 'सर तुम्ही चुकताय' असं म्हणू नका, 'सर, माझ्या खात्रीसाठी एकदा साईड, डावी का उजवी, मोठ्यानं म्हणू का?' असं म्हणा. माझ्या खात्रीसाठी हे शब्द सोडू नका, त्यावर कुणी सहसा ओरडत नाही. ओरडलेच तर दुसऱ्यांदा म्हणा, तेच, त्याच आवाजात.

धाडसाचं म्हणाल तर ते डिग्रीवर नसतं. आमच्या ओटीला एक मावशी होत्या, चौथी शिकलेल्या. एकदा रात्री उशिराची केस, सर पोट शिवायला घेतलेले, मी मोजून सांगितलं मॉप (रक्त टिपायचे कापडाचे तुकडे) बरोबर आहेत, मी पण दमले होते. मावशी कोपऱ्यात बादलीपाशी उभ्या, हाताच्या बोटांवर मोजत, आणि म्हणाल्या, 'सायेब, एक कमी हाय.' सगळे थांबले. सर म्हणाले मावशी तुम्ही तुमचं काम करा. मावशी म्हणाल्या, 'त्येच करायलोय.' मी परत मोजले, खरंच एक कमी. पोट परत बघितलं, नाही. चादरी झटकल्या, नाही. वीस मिनिटं शोधत होतो, सर भयंकर चिडलेले, आणि शेवटी सापडला तो सरांच्याच चपलेखाली, रक्तानं चिकटून बसलेला. कुणी हसलं नाही, म्हणजे त्या वेळी तरी. सर काही न बोलता शिवून गेले. पण त्या दिवसानंतर शेवटचा टाका घालायच्या आधी मान वर करून विचारायचे, 'मावशी, झालं का मोजून?'